जयवंतराव रणनवरे यांचा उजवा हात

जयवंतराव रणनवरे यांच्या उजव्या हाताविषयी बडोद्यातल्या शिलेदारांच्या पोळीत दोन लेखी ठराव आहेत. पहिला असा, की जानेवारीपासून बोर्डाच्या परीक्षा संपेपर्यंत त्यांनी त्या हाताने जड वस्तू उचलू नये. दुसरा असा, की त्याच काळात त्यांनी तो हात नापास झालेल्या कोणाच्याही पाठीवरून फिरवू नये. पोळीच्या समितीने दोन्ही ठराव एकमताने मंजूर केले. हाताचा मालक सभेला उपस्थित होता. तथापि त्याचे मत विचारण्याची आवश्यकता कोणाला वाटली नाही. दुसऱ्या ठरावातील अडचण तेवढी त्यांच्या पत्नी संयोगिताबाई यांनी तिथल्या तिथे दाखवून दिली.

"हे स्वतः अकरा वेळा नापास झालेत. मग यांनी आपल्या पाठीला साबण कसा लावायचा?"

समितीचे अध्यक्ष बळवंतराव सुर्वे बँकेतून निवृत्त झालेले आणि नियमाचे पक्के. त्यांनी क्षणभर विचार केला. "वहिनी, स्वतःची पाठ यात धरलेली नाही," ते म्हणाले, आणि तशी नोंद करून घेतली.

पोळ म्हणजे एकाच तोंडाची, घराला घर लागलेली गल्ली. मांडवीपासून सात-आठ मिनिटांच्या चालीवर असलेली ही पोळ बडोदे संस्थानच्या घोडदळातील मराठा कुटुंबांसाठी वसवली गेली. घोडी गेली, दळही गेले. शिलेदारांचे पणतू आता विम्याच्या कचेरीत, मोबाइलच्या दुकानात आणि नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांत जातात. जयवंतराव नंदेसरीला जात. कापडाचा रंग तयार करणाऱ्या एका कारखान्यात ते अठ्ठावीस वर्षे बॉयलर अटेंडंट होते. पाण्याची वाफ व्हावी, ती कारखान्यात पोचावी आणि या सगळ्यात स्फोट होऊ नये, हे पाहणे त्यांचे काम. अठ्ठावीस वर्षांत स्फोट झाला नव्हता. न झालेल्या स्फोटाची बातमी होत नाही, त्यामुळे ते नेमके काय करतात, हे पोळीत कोणाला ठाऊक नव्हते. पोळीला त्यांच्याविषयी ठाऊक होता तो हातगुण.

परीक्षेला निघालेल्या मुलाच्या तळहातावर वडीलधाऱ्या माणसाने दही-साखर ठेवावी, ही रीत घरोघरी आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, बारावीच्या पहिल्या पेपरच्या दिवशी, शेजारच्या समरजितच्या घरी सुतक होते. घरच्या हातून दही घ्यायचे नाही, असे त्याच्या आईने ठरवले आणि वाटी घेऊन ती दारात उभी राहिली. पाळी संपवून कंपनीच्या बसमधून उतरलेले जयवंतराव तेवढ्यात पोळीत शिरले.

"भावजी, तुम्ही ठेवा जरा."

"हाताला ऑइलचा वास येतोय, वहिनी."

"येऊ दे ने. उशीर होतोय त्याला."

त्यांनी हात पँटला पुसला आणि दही ठेवले. समरजित केंद्रात पहिला आला. पुढच्या वर्षी कोपऱ्यावरच्या प्रधानांच्या मालविकाला तिच्या आईने मुद्दाम जयवंतरावांकडे आणले. ती पुढे शल्यविशारद झाली. त्यानंतरच्या वर्षी सिद्धार्थ. तो प्रशासकीय सेवेत गेला. तीन उदाहरणे मिळताच पोळीने संशोधन थांबवले. याहून कमी पुराव्यावर मोठमोठे सिद्धान्त उभे राहिलेले आहेत, म्हणून केवळ पोळीला दोष देणे अन्याय्य ठरेल. वस्तुतः त्याच हाताचे दही त्या काळात आणखी एकवीस मुलांनी खाल्ले होते. त्यांपैकी सहा नापास झाली आणि उरलेल्यांचे जे व्हायचे ते झाले. परंतु नापास मुलाची आई पेढे घेऊन दारोदार हिंडत नाही, आणि दारात न आलेली गोष्ट पोळीच्या स्मरणात राहत नाही.

पुढे दह्याची व्याप्ती वाढली. परीक्षेच्या सकाळी पोळीच्या तोंडापर्यंत रांग लागू लागली. बळवंतरावांनी टोकन सुरू केले: आधी विज्ञान, मग वाणिज्य, शेवटी कला. कला शाखेच्या पालकांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्यांच्यासाठी साखर वाढवून देण्यात आली. दही गाईचे की म्हशीचे, यावर दोन बैठका झाल्या. जयवंतराव दर वर्षी सांगत, "अरे, माझ्या हातात काही नाही." त्यावर माणसे एकमेकांकडे पाहून माना डोलवत. एवढा मोठा हातगुण असूनही माणूस किती साधा!

या हाताच्या मालकाला मात्र स्वतःची एक परीक्षा जात नव्हती.

बॉयलर सांभाळणाऱ्याला सरकारी प्रमाणपत्र लागते. जयवंतरावांकडे दुसऱ्या वर्गाचे होते. लहान बॉयलरला ते पुरते. पहिल्या वर्गाच्या परीक्षेला ते अकरा वेळा बसले आणि अकराही वेळा नापास झाले. त्यावाचून काही अडत नव्हते. पण गेल्या दिवाळीत कारखान्यात दुप्पट मोठा बॉयलर आला आणि त्याबरोबर त्यांच्या नावाने एक पत्रही आले. मार्चमधली परीक्षा ते उत्तीर्ण झाले, तर नवा बॉयलर त्यांच्या ताब्यात राहील. अन्यथा त्यांची बदली रंगाची भुकटी गोण्यांत भरण्याच्या खात्यात होईल. त्या खात्यात सगळी विशी-बाविशीतली कंत्राटी मुले होती. ती थुंकली तर निळी थुंकत, आणि सुटीच्या दिवशीही त्यांचा घाम निळा येई. जयवंतराव त्रेपन्न वर्षांचे होते.

"या वेळी पास व्हायचं आहे," त्यांनी घरी सांगितले.

"मग आजवर काय नापास व्हायला जात होता?" संयोगिताबाई म्हणाल्या.

"आजवर नुसता मी नापास होत होतो. या वेळी बॉयलर जाईल."

अठ्ठावीस वर्षांत नवऱ्याने घरी दुसऱ्या कोणाची इतकी चौकशी केलेली संयोगिताबाईंनी ऐकली नव्हती. रविवारी दुपारीसुद्धा ते कधी कधी फोन करून, "आज कसा आहे?" असे विचारत, आणि ते कोणा माणसाविषयी नसे.

जयवंतरावांची अभ्यासाची रीत निराळी होती. पुस्तक इंग्रजीत आणि त्यांचे शिक्षण मराठी शाळेत दहावीपर्यंत. म्हणून ते संध्याकाळी घरासमोरच्या ओट्यावर बसत आणि विज्ञान शिकणाऱ्या एखाद्या मुलाला ते पुस्तक वाचून समजावून सांगायला लावत. पहिला समरजित. सोळा वर्षांच्या त्या मुलाने वाचले, की पाण्याची शंभर अंशांवर वाफ होते.

"थांब," जयवंतराव म्हणाले. "माझ्या बॉयलरात पाणी दीडशेच्या वर जातं, तरी पाणीच राहतं. ते का?"

समरजितला पाठ्यपुस्तकातले वाक्य येत होते. त्याने ते म्हटले.

"हे वाक्य झालं रे. का, ते सांग."

समरजित दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी तो आईचा कुकर घेऊन आला. शिट्टीने वाफ कशी कोंडते, दाब वाढला की पाण्याला उकळणे का जड जाते, हे त्याने कुकर उघडून आणि मिटून सांगितले. जयवंतराव ऐकत राहिले आणि त्यांनी पुढचे "का" विचारले. यात डावपेच नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हते आणि कळत नाही असे म्हणण्याची त्यांना लाज नव्हती. ओट्यावर बसलेल्या मुलाची उसनी उत्तरे दुसऱ्या-तिसऱ्या "का"पाशी संपत, आणि मग त्याला स्वतःची शोधावी लागत. असे दोन हिवाळे गेले. नंतर परीक्षेच्या खोलीत मात्र जयवंतरावांना फक्त आपले प्रश्न आठवत. उत्तरे मुलांबरोबर गेलेली असत. ते नापास होत. नापास झाल्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा अभ्यास करणे आले आणि त्यासाठी नवा शिक्षक आला. समरजितनंतर मालविका आली, मग सिद्धार्थ, मग आणखी कोणी. त्यांच्या नापास होण्यात खंड पडला नाही, म्हणून पोळीच्या पास होण्यात खंड पडला नाही.

हे गुपित नव्हते. ओटा भर रस्त्यावर होता. दही ठेवायला पाच सेकंद लागत. ओट्यावर दीडशे-दोनशे संध्याकाळी जात. दोन्ही गोष्टी साऱ्या पोळीच्या डोळ्यांसमोर घडल्या आणि पोळीने त्यांतले दही निवडले. खुद्द जयवंतरावांनाही ओट्याचे महत्त्व दिसले नव्हते. मुले आपल्यावर उपकार करतात, असे ते मानत आणि त्या उपकाराची थोडी फेड म्हणून दही ठेवत.

त्या जानेवारीत समरजित सिंगापूरहून आला. तो आता एका मोठ्या वीज कंपनीचा विभागप्रमुख होता. पोळीने सभागृह घेऊन त्याचा सत्कार केला आणि यशाचे रहस्य सांगण्याची विनंती केली. त्याने सात सूत्रे सांगितली. पहाटे पाचला उठणे, थंड पाण्याने अंघोळ, ध्येय कागदावर लिहून आरशाला चिकटवणे, नकारात्मक माणसांपासून दूर राहणे, अशी ती सूत्रे होती. शेवटी तो म्हणाला, की आपण जे काही आहोत ते केवळ स्वतःच्या बळावर. तो खोटे बोलत नव्हता. यशस्वी माणसाच्या आठवणीतून इतर माणसे हळूहळू उठून जातात आणि त्याला ते कळतही नाही.

प्रश्नोत्तरांच्या वेळी चौथ्या रांगेतून जयवंतरावांनी हात वर केला. उजवाच. सभागृहात आदराची शांतता पसरली.

"समरजित, थंड पाण्याच्या अंघोळीनं नेमकं काय होतं? म्हणजे, का होतं?"

लोक हसले. समरजितही हसला. "काका, तुम्ही अजून तस्सेच!" तो म्हणाला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला.

कार्यक्रम संपल्यावर मात्र तो मागच्या दाराने जयवंतरावांना गाठायला आला. हॉटेलातून त्याने प्लॅस्टिकच्या डबीत दही आणले होते.

"काका, मंगळवारी संचालकांपुढं माझी मुलाखत आहे. जरा..." त्याने तळहात पुढे केला.

जयवंतरावांनी दही ठेवले. संयोगिताबाई शेजारीच उभ्या होत्या. "काय रे, हे आठवं सूत्र धरायचं का?" त्यांनी विचारले. समरजितने दही चाटून संपवले आणि बायकोला फोन लावला.

पोळीची समजूत चुकीची होती, यात शंका नाही. तरीही त्या सात सूत्रांपेक्षा ती सत्याच्या अधिक जवळ होती. यश दुसऱ्या कोणाच्या तरी हातून आपल्याकडे येते, एवढे तिला मान्य होते. तो हात एरवी काय करत असतो, एवढेच तिने पाहिले नाही. सत्काराच्या सभागृहांत हल्ली तेवढेही मान्य होत नाही.

सत्काराची आणि मागच्या दारच्या दह्याची वार्ता मांडवीजवळ कोचिंग क्लास चालवणाऱ्या गुणवंतभाईंपर्यंत गेली. ते पेढे घेऊन आले आणि जयवंतरावांच्या तळहाताचा प्लॅस्टरचा साचा मागू लागले. तो क्लासच्या दाराशी बसवायचा आणि विद्यार्थ्यांनी आत जाताना त्याला हात लावायचा, अशी योजना होती.

"जयवंतभाई, हा हात नाही, हा ब्रँड छे ब्रँड!"

"साच्याला हात लावून मुलं पास होतील?"

"शंभर टक्के."

"मग माझाच कशाला पाहिजे? कोणाचाही घ्या."

गुणवंतभाई विचारात पडून परत गेले. आठ दिवसांनी त्यांच्या क्लासच्या दाराशी एक भव्य पांढरा हात बसला. तो त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरचा होता. निकालात काही फरक पडला नाही असे कळते. म्हणजे तो पूर्वीइतकाच लागला, आणि गुणवंतभाई समाधानी आहेत.

त्या वर्षीची ओट्यावरची शिक्षिका होती भक्ती, तीन घरे सोडून राहणारी, बारावीत शिकणारी. बोर्डापूर्वीच्या सराव परीक्षेत तिला भौतिकशास्त्रात शंभरपैकी एकोणीस गुण पडले. दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर आली, पण पुस्तक तिने उघडले नाही.

"काका, मी नाही समजावणार. मला काहीच येत नाही."

"असं कसं? इतके दिवस तर सांगत होतीस."

"वाचून दाखवत होते. तुम्ही 'का' विचारलं की वाक्य बदलत होते, बस. आई म्हणते, काळजी करू नको, शेवटी काकांचं दही आहेच."

जयवंतराव घाबरले. "अगं, दही तुला आहे! मला काय आहे? आठ आठवड्यांवर परीक्षा आली. मला कोण समजावणार?"

"आणि मला कोण समजावणार?"

समोरून बळवंतराव गेले. जयवंतरावांच्या उजव्या हातात भाजीची पिशवी पाहून त्यांनी ती निमूटपणे काढून डाव्या हातात दिली आणि ते पुढे गेले. त्यानंतर जयवंतराव म्हणाले, "मला पुस्तक येत नाही. बॉयलर येतो. तो सांगू का?"

"सांगा."

त्यांनी खडूने ओट्यावर बॉयलर काढला. आग इथे, पाणी इथे, वाफ इथून जाते. "पाणी उकळायला लागलं की काटा थांबतो. मी आच देतच असतो, पण काटा हलत नाही. वाफ मात्र होत राहते."

"मग ती आच जाते कुठं?" भक्तीने विचारले.

जयवंतरावांनी ओट्यावर पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून आपला प्रश्न ऐकला. सवयीने ते उत्तराची वाट पाहू लागले. उत्तर आले नाही. मग त्यांच्या लक्षात आले, की ते आपणच द्यायचे आहे.

"पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात," ते चाचरत म्हणाले. "ते सोडवण्यातच ती खर्च होते. ऊन व्हायला उरतच नाही."

"हे वाक्य झालं, काका."

ते चिडले. इतक्या वर्षांत ओट्यावर ते पहिल्यांदाच चिडत होते. संध्याकाळी सहाला ते घरात गेले आणि स्वयंपाकघरातले पातेले, कारखान्यातले एक जुने थर्मामीटर आणि गॅसची शेगडी घेऊन बाहेर आले. संयोगिताबाईंची भाजी त्या दिवशी साडेआठला झाली. पुढचे आठ आठवडे भक्ती विचारत राहिली आणि जयवंतराव उत्तरे शोधत राहिले. दोघे मिळून पुस्तक उलथेपालथे करत. तिने विचारण्यात कसलीच दयामाया दाखवली नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस परीक्षेची तारीख कळली. तो बोर्डाच्या पहिल्या पेपरचाच दिवस होता. जयवंतरावांचे केंद्र दुसऱ्या शहरात होते आणि सकाळची सहाची गाडी धरणे भाग होते. दह्याची वेळ साडेआठची. त्या वर्षी एकशे बेचाळीस टोकने गेली होती, काही डभोईहूनही.

बळवंतराव समितीतल्या चौघांना घेऊन घरी आले. "जयवंतराव, तुमची परीक्षा पुढं ढकलता येत नाही का?"

"सरकारी आहे, बळवंतराव. या वेळी गेली तर मला गोण्यांवर पाठवणार आहेत."

"ते समजलं. पण जरा शांतपणे विचार करा." बळवंतरावांचा स्वर खरोखर मायेचा होता. "तुम्ही तसेही नापासच होणार आहात. मग एकशे बेचाळीस मुलांचं नुकसान कशाला?"

चौघांनीही माना हलवल्या. तर्क निर्दोष होता. क्षणभर तर जयवंतरावांना वाटले, की आपण खरोखरच फार स्वार्थी आहोत. आतून संयोगिताबाई हात पुसत बाहेर आल्या.

"त्यांचा हात पाहिजे ने? दह्यात बुडवून जातील. उठायच्या वेळी पातेलं तयार ठेवते."

"अडीच तासांत गुण उतरला तर?"

"मग झाकण लावते."

या प्रस्तावावर दीड तास चर्चा झाली. हातगुण दह्यात उतरतो की तळहातावर ठेवण्याच्या क्रियेत असतो, याबद्दल समितीत दोन पक्ष पडले. अखेर असे ठरले, की जयवंतरावांनी जाण्यापूर्वी दह्याला आणि चमच्याला, दोन्हींना स्पर्श करावा आणि तो चमचा त्यांच्या पत्नीने वापरावा. "त्या चमच्याला पंचवीस वर्षं मीच हात लावतेय, कोणी विचारलं नाही," संयोगिताबाई म्हणाल्या. ही बाब नोंदवण्यात आली नाही.

लेखी परीक्षा बरी गेली. दुपारी तोंडी होती. याआधीच्या अकराही वेळा परीक्षक विचारत, "बॉयलरच्या काचेत पाण्याची पातळी दिसेनाशी झाली तर काय कराल?" आणि जयवंतराव बरोबर उत्तर देत: आग बंद करीन, पाणी सोडणार नाही. मग परीक्षक विचारत, "का?" आणि ते गप्प होत. या वेळीही तोच प्रश्न आला. जयवंतराव पुढे सरकले आणि समोर भक्ती बसली आहे असे समजून बोलू लागले. पाणी उतरले की धातू उघडा पडून कसा तापतो, त्यावर गार पाणी पडले तर तो एकदम आकसून कसा तडकतो, आणि पाण्याची तेवढ्यात इतकी वाफ का होते, की ती कुठे मावत नाही. मध्येच त्यांनी परीक्षकांना विचारले, "हे नुसतं वाक्य तर नाही ना झालं, साहेब?"

परीक्षकांनी पेन खाली ठेवले. "रणनवरे... बडोद्याचे? ते दहीवाले?"

"हो. म्हणजे, नाही."

"माझ्या मुलाचा परवा पेपर आहे." परीक्षक खुर्चीवरून उठले आणि गुणपत्रिका तशीच कोरी ठेवून त्यांनी तळहात पुढे केला. "त्याच्या वतीनं मी घेतलं तर चालेल ने?"

त्या कोऱ्या कागदावर मोठा बॉयलर होता. नाहीतर निळ्या गोण्या. जयवंतरावांना ते दिसत होते. त्यांनी आपला उजवा हात टेबलाखाली नेला.

"साहेब, आधी मार्क मांडा."

"अहो, ते मी मांडतोच आहे."

"नाही. आधी मांडा. काय असतील ते. मग हात पुढं करा. हातानं पास झालो असं नको. बारा खेपा लागल्यात मला."

परीक्षकांचा चेहरा उतरला, मग रागावला, मग त्यावर काहीच उरले नाही. त्यांनी बसून आकडा मांडला, सही केली आणि कागद पालथा ठेवला. शिपायाला दही आणायला पाठवले. कोपऱ्यावरच्या दुकानात फक्त ताक होते, त्यामुळे ताकावर भागवण्यात आले. परीक्षकांची बाही कोपरापर्यंत भिजली.

निकाल जूनमध्ये लागले. जयवंतराव पहिल्या वर्गाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले आणि नवा बॉयलर त्यांच्याकडे राहिला. भक्तीला भौतिकशास्त्रात एकसष्ट गुण मिळाले. पोळीचा एकंदर निकाल नेहमीसारखाच होता, मात्र केंद्रात पहिले कोणी आले नाही. या तीन गोष्टींवरून समितीने जो निष्कर्ष काढला, तो बळवंतरावांनी दुःखाने बोलून दाखवला: "पंधरा वर्षं माणसानं दुसऱ्यांना दिलं. शेवटी मोह झाला. स्वतःसाठी वापरलं."

भक्तीची आई तर रडलीच. "नुसते एकसष्ट!" ती म्हणाली. एकोणीस तिने कधीच विसरून टाकले होते. डभोईच्या एसटीवरून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरच्या, फत्तेसिंहरावांच्या, दोन पुतण्यांना वैद्यकीयला प्रवेश मिळाला होता. त्यांच्या तळहातावर दही फत्तेसिंहरावांनीच ठेवले होते. पोळीची मंडळी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेली.

जयवंतरावांना याचे वाईट वाटले नाही. सुटल्यासारखे वाटले. नवा बॉयलर चांगला होता. मात्र पाऊस सरल्यावर संध्याकाळी ते ओट्यावर बसू लागले, तेव्हा कोणी आले नाही. आयांनी मुलांना बजावले होते, की त्यांच्या जवळ बसू नका, ते गुण ओढून घेतात. शिवाय येण्याचे कारणही राहिले नव्हते. त्यांची परीक्षा संपली होती.

भक्ती एकदा आली. ती आता विज्ञानाच्या पदवीला होती. "काका, ते दही नव्हतंच," ती म्हणाली.

"हे मी पंधरा वर्षं सांगतोय."

"पण मग काय होतं, ते तुम्ही सांगत नव्हता."

"काय होतं?"

"तुम्हाला कळत नव्हतं. ते होतं."

जयवंतरावांनी यावर दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी ते रजा टाकून सरकारी कचेरीत गेले आणि पहिल्या वर्गाच्याही वरच्या परीक्षेचा फॉर्म मागितला.

"ती इंजिनिअरांची असते, काका," कारकून म्हणाला. "डिप्लोमा लागतो."

"पास व्हायला की बसायला?"

"बसायलाच."

"पास होण्याचा माझा आग्रह नाही. नापास करा."

"नापास करायलाही डिप्लोमा लागतो."

"बरं, अभ्यासक्रम तरी मिळेल? फॉर्म माझ्याजवळ नाही, हे पोळीत सांगण्याची तशी काही गरज नाही."

कारकुनाने त्यांच्याकडे निरखून पाहिले. असा अर्ज कोणत्या फाइलीत बसेल, हे त्याला उमगेना. अखेर कपाटावरचे एक जाडजूड जुने पुस्तक काढून त्याने झटकले आणि, घेऊन जा, पण परत आणू नका, असे सांगितले.

त्या संध्याकाळी जयवंतराव ओट्यावर बसले आणि त्यांनी पहिले पान उघडले. त्यातले एक अक्षर त्यांना कळले नाही. दुसरे पान उलटले. तेही कळले नाही. त्यांना मनापासून हायसे वाटले. समोरून क्लासला निघालेल्या, आईने त्यांच्यापासून लांबून जायला सांगितलेल्या एका मुलीला त्यांनी हाक मारली.

"अगं, इकडं ये जरा. हे काय लिहिलंय?"